गोदी वगळून मुंबईचं बंदर कसलं दाखवता?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत बाहेरगावच्या लोकांनी मुंबईचा जुना बंदर परिसर एका दिवसात कसा बघावा यावर तुम्ही अख्खं पान छापलंत. मी पण बाहेरगावचाच, म्हणून आवडीने वाचायला घेतलं आणि वाचून डोकंच फिरलं. गेटवे, ताज, कुलाबा कॉजवेवर खरेदी, कॉफी, संध्याकाळी परत गेटवे. यात बंदर कुठे आहे?

ससून डॉकला दोन ओळी दिल्यात, त्यातही सल्ला काय तर नाश्ता करून निवांत जा. तिथे मासळीचा लिलाव उजाडायच्या आधीपासून चालतो हो, नाश्ता उरकून पोचाल तोवर कोळणी टोपल्या घेऊन केव्हाच आपापल्या बाजाराला लागलेल्या असतात. १८७५ पासूनचा धक्का आहे तो, जायचं तर अंधारात उठून जायचं, नाहीतर जाऊच नये. बॅलार्ड इस्टेटचं पण तेच, 'फोटोसाठी बेस्ट' म्हणून मोकळे झालात. ती जमीन आली कुठून ते सांगायचं ना. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आताचा इंदिरा डॉक, खोदताना जो माती-दगड निघाला तो समुद्रात टाकून भर घातली आणि त्यावर पहिल्या महायुद्धाच्या काळात हे सगळं उभं राहिलं. आराखडा गेटवेवाल्या जॉर्ज विटेटचाच. ज्या फुटपाथवर उभं राहून लोक सेल्फी काढतात तो गोदीच्या पोटातून निघालाय, आणि तुमच्या अख्ख्या पानात गोदी हा शब्द नाही.

मला हे लागण्याचं कारण सांगतो. माझे आजोबा गोदीत हमाली करायचे. १४ एप्रिल १९४४ ला दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज उडालं, आत कापसाच्या गासड्या, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा पण होत्या. आजोबा त्या दिवशी वाचले, त्यांच्या टोळीतले काही जण परत आलेच नाहीत. घरी ते याबद्दल फारसं बोलायचे नाहीत, फक्त मोठा आवाज झाला की हातातलं काम टाकून उभे राहायचे, हे वडिलांनी लहानपणी पाहिलेलं. वडील आता ऐंशीच्या पुढचे. गेल्या वर्षी म्हणाले एकदा ती जागा दाखव, म्हणून घेऊन गेलो. बंदर चालू आहे, पासशिवाय आत सोडत नाहीत, ते बरोबरच आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण रस्त्यावर भिंतीपाशी वडिलांना उभं करून एक फोटो काढला तर गेटवरचा माणूस धावत आला, मोबाईल हातातून घेऊन फोटो डिलीट करायला लावला आणि वडिलांना म्हणाला, 'ए काका, निघा, इथे बघायला काय आहे?' वडील काहीच बोलले नाहीत, टोपी सरळ केली आणि चालायला लागले. पी. डिमेलो रोडवर घडलं हे, आणि डिमेलो म्हणजे गोदी कामगारांचेच पुढारी! चव्वेचाळीसच्या त्या स्फोटात इथे शेकडो माणसं गेली असं सांगणारा एक फलक आम्हाला त्या रस्त्यावर दिसला नाही. त्याच १४ एप्रिलपासून दरवर्षी देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात, आग विझवताना गेलेल्या जवानांच्या आठवणीत.

म्हणून म्हणतो, पर्यटकाला नुसतं दुकानात पाठवू नका. भाऊच्या धक्क्यावरनं उरणजवळच्या मोऱ्याची लाँच पकडायला सांगा, पाण्यावरनं लांबून का होईना जहाजं, क्रेन, धक्के दिसतात, तिथे मोबाईल काढला म्हणून कुणी अंगावर येत नाही. वडिलांना शेवटी तसंच दाखवलं.

आणि अजून एक. गर्दी कमी म्हणून घारापुरीला सोमवारी जा असं त्याच पानावर चौकटीत छापलंय. लेणी सोमवारी बंद असतात! आज सोमवारच आहे, कुणीतरी पोराबाळांना घेऊन तुमच्या भरवशावर गेटवेला आलं असेल. लोक अशी कात्रणं जपून ठेवतात, तेव्हा दुरुस्ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको, पुढच्या रविवारी त्याच जागी त्याच आकारात छापा. आणि मागच्या खेपेसारखं माझं पत्र निम्म्यावर कापू नका, जागा नसेल तर घारापुरीचं ठेवा आणि आजोबांचं ठेवा, बाकीचं काढलंत तरी चालेल.

आपला,
एक जुना वाचक