आई-बाबा, पाऊस संपेपर्यंत मी इथेच आहे

प्रिय आई, प्रिय बाबा,
सा. न. वि. वि.

रविवारी बोलणं अर्धवट राहिलं, नेटवर्क गेलं ते परत आलंच नाही, म्हणून सगळं नीट लिहून पाठवतेय. दादा प्रिंट काढून देईल, मोबाईलवर वाचत बसू नका. मुख्य गोष्ट आधी सांगते. मी कॉन्ट्रॅक्ट वाढवलंय. मलेरियाचा सीझन उतरेपर्यंत, म्हणजे डिसेंबर उजाडेपर्यंत मी इथे दक्षिण सुदानमध्ये, अवैललाच असेन.

बाबा, तुम्ही फोनवर चिडून म्हणालात की आपल्या मेळघाटात पोरं दगावत नाहीत का, त्यासाठी थेट दक्षिण सुदान कशाला गाठायचं. प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. मेळघाटात अजूनही मुलं जातात आणि ते वाईटच आहे. पण गडचिरोलीत बंग डॉक्टरांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली, तिथले बाळमृत्यू निम्म्याहून खाली आले, आणि पुढे तेच काम सरकारने आशाताईंकडून देशभर करून घेतलं. म्हणजे आपल्याकडे मागे उभं राहायला सरकार आहे, पगार आहेत, रस्ते आहेत, कमी पडलं तर जाब विचारायला पेपर आणि कोर्ट आहे. १९९० मध्ये भारतात हजारातली सव्वाशेच्या आसपास मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत जायची, आता तो आकडा तिसाच्या आत आलाय. इथे तो अजून शंभराच्या घरात आहे. दहातलं एक मूल, बाबा. हा देश २०११ मध्ये झाला आणि दोन-अडीच वर्षांत यादवी पेटली, त्यात २०२३ पासून वरच्या सुदानमधल्या लढाईतून पळून आलेली माणसं सीमेवरून येतच आहेत. माझ्या स्टोअरमधलं जवळपास प्रत्येक औषध बाहेरच्या कुणीतरी दिलेल्या पैशातून येतं. ते आलं नाही तर दुसरीकडून यायची सोयच नाही.

आई, तू विचारतेस मी दिवसभर करते काय. फार्मसीतच असते गं, पेशंट तपासत नाही. पण माझ्या रॅकवर काय आहे आणि काय संपलंय यावर वॉर्डात काय होणार ते ठरतं, त्यामुळे सगळं माझ्यापर्यंत येतंच. मागच्या आठवड्यात एक बाई आली, कडेवर सव्वा वर्षाचं पोर, दोन दिवस चालत आली होती कारण रस्त्यावर पाणी. मलेरियात ते जंतू रक्तातल्या लाल पेशीच फोडतात, धडधाकट मूल ते काही दिवस सोसतं, पण हे आधीच उपाशी, हिमोग्लोबिन तीनच्या खाली, तळहात पांढरेफटक. मामाचं रक्त जुळलं, ते चढवलं, मलेरियावरची आर्टेसुनेटची इंजेक्शनं दिली, तिसऱ्या दिवशी ते आईच्या अंगावर प्यायला लागलं. त्याच दिवशी शेजारच्या खाटेवरची मुलगी गेली. तिलाही तेच झालं होतं, औषधंही तीच दिली, फक्त तिला आणायला उशीर झाला होता. यात मेडिकल सायन्सला न कळलेलं असं काहीच नाही, सगळं माहीत आहे, सगळं स्वस्त आहे, आणि म्हणूनच मला इथून निघवत नाही.

उपाशी पोरांसाठी जे पाकीट देतो ते तुला दाखवायला आवडलं असतं. शेंगदाण्याचा लगदा, त्यात दूधपावडर, साखर, तेल, व्हिटॅमिन्स, चव थेट तुझ्या दाण्याच्या लाडवासारखी. ९२ ग्रॅमचं पाकीट, ५०० कॅलरी. पूर्वी अशा मुलांना खास दूध द्यायचे, पण त्याला स्वच्छ पाणी लागतं, म्हणून आठवडेच्या आठवडे ॲडमिट ठेवायचं, आणि घरी आणखी चार पोरं असलेली आई ते कसं करणार, ती निघूनच जायची. १९९६ च्या सुमारास फ्रान्समध्ये हे पाकीट निघालं, पाणी नको, चूल नको, फोडून तसंच खायचं. आता दंडाला पट्टी लावून मोजतात, घेर ११५ मिलिमीटरच्या आत म्हणजे लाल, आणि ताप-जुलाब नसेल, भूक लागत असेल तर आई आठवड्याची पाकिटं घेऊन घरी जाते. एका मुलाला सहा-आठ आठवड्यांत साधारण एक खोकं लागतं, दीडशे पाकिटं, किंमत चार-पाच हजार रुपये. आपल्या सोसायटीत एका वाढदिवसाच्या केकवर आणि फुग्यांवर एवढा खर्च सहज होतो, आणि हे मी कुणाला हिणवायला म्हणत नाहीये, फक्त रक्कम केवढीशी आहे ते कळावं म्हणून.

आणि हेच आता बंद पडतंय. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, जुलैमध्ये यूएसएड, म्हणजे ती मदत वाटणारी त्यांची सरकारी संस्था, बंदच झाली, हीच खोकी तिकडच्या गोदामांत पडून राहिली. ब्रिटननेही हात आखडता घेतला. जगात १९९० मध्ये वर्षाला सव्वा कोटीहून जास्त मुलं पाच वर्षांच्या आत मरायची, २०२२ मध्ये ती संख्या ४९ लाखांवर आली होती. ती आपोआप उतरली नाही ना बाबा, लसी, मच्छरदाण्या, ओआरएस, हे सगळं कुणीतरी पोचवत राहिलं म्हणून उतरली. पोचवणं थांबलं की पुन्हा चढेल.

तुम्हीच सांगायचात की १९७१ ला प्रत्येक पत्रावर बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी पाच पैशांचं जास्तीचं तिकीट लावावं लागायचं. तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला होता, सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिसांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. शंभरात तीसेक माणसं मरत होती, ती चारच्या आत आली. ती माणसं कुठे आपल्या पुण्यातली होती? तरी तुम्ही तिकीट लावलंत, आणि आजही ते अभिमानानेच सांगता. त्या छावणीत सिद्ध झालेलं ओआरएस पुढे आपल्या घरातही आलं, दादाच्या जुलाबात तू मला मेडिकलवर पिटाळलं होतंस, आई.

आणि तिकडून इकडे काय येतं तेही ऐका. मलेरियाची नवी लस, आर ट्वेंटीवन, ऑक्सफर्डने शोधली पण बनते आपल्या हडपसरला, सीरममध्ये. एक डोस चार डॉलरच्या आत, चार डोस द्यायचे, जुलै २०२४ पासून दक्षिण सुदानमध्ये सुरू आहे. मच्छरदाणी तरीही लागतेच. सोलरच्या फ्रिजमध्ये खोकी लावताना पुण्याचा पत्ता दिसतो तेव्हा मला फार बरं वाटतं, खरंच सांगते.

बाबा, गणपतीत मंडळाच्या वर्गणीतून काही रक्कम बाजूला काढता येईल का ते काकांशी बोलाल का? इकडे पाठवायचं जमत नसेल तर मेळघाटात द्या, मला दोन्ही सारखंच.

आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्यासाठी अडवून ठेवू नकोस, दिवाळीच्या आधी करून घे. वहिनीशी बोललेय, ड्रॉप्स ती घालेल, तू महिनाभर फोडणीच्या धुरात जायचं नाही. मी जेवते व्यवस्थित, भात आणि डाळ मिळते. या रविवारी तुमच्या रात्री नऊला फोन करते, नाही लागला तर सोमवारी त्याच वेळी.

तुमची,
मनू