गणपतीला येताना कपाटातला जुना मोबाइल घेऊन या

सप्रेम नमस्कार.

गावातले ग्रामस्थ, मुंबई-पुण्याचे चाकरमानी, आखातात नोकरीला असलेली मंडळी आणि माहेरवाशिणी, सगळ्यांना वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाकडून हे पत्र. दर वर्षी आपण पुस्तकांसाठी वर्गणी मागतो आणि तुम्ही ती कधी नाकारली नाही. यंदाची मागणी वेगळी आहे: मनातलं दुखणं फोनवर मोकळेपणी बोलता यावं, म्हणून वाचनालयात एक खोली करायची आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो आहोत.

वरच्या वाडीत एक आजी एकट्या राहतात. मुलगा विरारला. नातवाने मोठ्या हौसेने त्यांना स्मार्टफोन पाठवला. पण व्हिडिओ कॉल आला की आजी तो कानाला लावायच्या. तिकडे नातवाला पडद्यावर दिसायचा फक्त कान आणि कानातली कुडी. तो ओरडायचा, "आजी, फोन समोर धर." आजींना ऐकू कमी येतं, त्यामुळे तेही कळायचं नाही. दोन मिनिटांत फोन बंद. गेल्या पावसाळ्यात आमच्या ग्रंथपाल बाई पुस्तक द्यायला गेल्या होत्या. त्यांनी फोन तांब्याला टेकवून उभा केला, आपले हेडफोन आजींच्या कानाला लावले आणि आवाज वाढवला. आजी नातवाशी पाऊण तास बोलल्या. फोन ठेवल्यावर बाईंचा हात धरून म्हणाल्या, "रात सरत नाय गो बाय."

आजोबा गेल्यापासून चार महिने त्यांचं जेवण तुटलं होतं. अंग दुखतं म्हणून गोळ्या चालू होत्या. उदासी वयस्कर माणसांत पुष्कळदा अशीच येते, अंगदुखीच्या, भूक मेल्याच्या, झोप उडाल्याच्या रूपात, आणि घरचे म्हणतात, वय झालं. बाईंनी आजींना विचारून १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा नंबर लावला. समुपदेशक मराठीत बोलले, घाई न करता बोलले, आणि सरकारी रुग्णालयात दाखवायला सांगितलं. आता उपचार चालू आहेत. आजी सकाळी पेज घेतात, दुपारी ओटीवर येऊन बसतात. हे त्यांच्या परवानगीने लिहिलं आहे. "माजा नाव लिवू नको, पण सांग लोकांना," असं त्यांनीच सांगितलं.

१४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा नंबर. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ही सेवा सुरू झाली. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, २० भाषांत बोलता येतं. फोन आधी प्रशिक्षित समुपदेशक घेतो. गरज दिसली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतो किंवा जवळच्या सरकारी दवाखान्याचा रस्ता सांगतो. मुलांपासून आजोबांपर्यंत कोणीही बोलावं, साध्या बटणाच्या फोनवरूनही बोलावं. ज्या तालुक्यात मनाचा डॉक्टर शोधून सापडत नाही, तिथे ही फार मोठी सोय आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं होतं, की आजारानुसार १०० पैकी ७० ते ९२ जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. आपलं गाव त्याला अपवाद असेल, असं मानायला काही कारण नाही.

मग लोक फोन का करत नाहीत? आम्ही वर्षभर वाड्यावाड्यांत फिरून हेच विचारलं. नंबर बऱ्याच जणांना माहीत होता, आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर लिहिलेला आहे. अडचण जागेची निघाली.

आपल्याकडे रेंज येते ती देवळाच्या पायऱ्यांवर, सड्यावर आणि वाचनालयाच्या अंगणात. देवळाच्या पायऱ्यांवर संध्याकाळी दहा माणसं बसलेली असतात. तिथे उभं राहून मनातलं कोण बोलणार? घरात रेंज मिळाली तरी आपली कौलारू घरं तुम्हाला माहीत आहेत. मधल्या भिंती आढ्यापर्यंत जातच नाहीत. माजघरातला शब्द ओटीवर ऐकू येतो. लग्न होऊन वर्षही न झालेली एक सून आम्हाला म्हणाली, "मला बोलायचं आहे, पण रडू आलं तर आवाज कुठे लपवू?" तिच्याकडे स्वतःचा फोनही नाही. नवऱ्याचा असतो, आणि कोणाला फोन लावला ते त्यात दिसतं. ज्यांना कमी ऐकू येतं ते स्पीकर लावून बोलतात, म्हणजे सगळ्या वाडीला बातमी.

पुरुषांचं दुखणं आणखी आत असतं. कलमांना मोहोर आला आणि अवकाळीने झडला, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, मुंबईच्या भावाला सांगायची लाज. ते बोलत नाहीत, संध्याकाळी गुत्त्यावर जातात. सांगायला दुःख वाटतं, पण दोन घरांत आम्ही फवारणीचं औषध कुलपात ठेवायला लावून आलो आहोत.

म्हणून वाचनालयाची मागची खोली, जिथे जुने दिवाळी अंक आणि रद्दी ठेवतो, ती आम्ही रिकामी करतो आहोत. दहा फूट बाय आठ फूट. तिला आतून छत घालायचं, नीट लागणारं दार बसवायचं, एक टेबल, दोन खुर्च्या, फोन आणि हेडफोन. मागच्या अंगणातून वेगळं दार आहेच, त्यामुळे कोण आलं, कोण गेलं, हे पुढे पेपर वाचणाऱ्यांना दिसणार नाही. नावाची वही ठेवणार नाही. फोन झाला की कॉलची नोंद पुसली जाईल.

खोलीबरोबर माणूसही लागेल. आम्ही त्याला सोबती म्हणतो. सोबत्याने नंबर लावून द्यायचा, हेडफोन घालून द्यायचे आणि बाहेर जाऊन बसायचं. औषध सुचवायचं नाही, उपदेश करायचा नाही, ऐकलेलं कुठे बोलायचं नाही. अशा कामाचे दाखले आपल्याच राज्यात आहेत. नाशिकच्या पेठ तालुक्यात आत्मीयता उपक्रमात गावातल्याच स्वयंसेवकांना स्मार्टफोन दिले होते आणि त्यांत स्थानिक बोलीतल्या छोट्या फिल्म होत्या. त्या दाखवून ते घरोघर बोलते झाले. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत गोव्याच्या संगाथ संस्थेने विश्राम हा प्रकल्प राबवला, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं. तिथेही पहिला दुवा गावातलाच माणूस होता. सोबत्यांना शिकवण्यासाठी आम्ही जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाकडे अर्ज दिला आहे.

शाळेतल्या मुलांबद्दल पालकांचा पहिला प्रश्न असतो, मोबाइलनेच तर पोरं बिघडली, तुम्ही आणखी मोबाइल कशाला आणता? प्रश्न रास्त आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात झाली. आपल्याकडेही तसं व्हावं, असं आमच्यातल्या काहींना मनापासून वाटतं. या खोलीतल्या फोनवर गेम नसतील, व्हिडिओ नसतील. पण दहावी-बारावीच्या निकालाच्या आठवड्यात ज्या मुलाला घरी तोंड दाखवावंसं वाटत नाही, त्याला बोलायला एक फोन मिळाला पाहिजे.

आता मागणी. छत आणि दार ४२,००० रुपये, इन्व्हर्टर आणि बॅटरी २४,००० (पावसात लाइट किती वेळ असते ते तुम्ही जाणता), वर्षाचं इंटरनेट ९,०००, हेडफोन आणि किरकोळ सामान ५,०००. एकूण ८०,०००. वाचनालयाच्या शिलकीतून १८,५०० द्यायचा ठराव झाला आहे. ६१,५०० रुपये कमी आहेत. शंभर रुपयांचीही पावती मिळेल. आपल्याकडे ८०जी प्रमाणपत्र नाही, त्यामुळे आयकरात सवलत मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पैशांइतकीच गरज फोनची आहे. नवा घेतल्यावर जुना कपाटात पडून राहतो, तो द्या. फोर-जी चालणारा, काच न फुटलेला, बॅटरी दोन-तीन तास टिकणारा असावा. असे बारा फोन मिळाले तर दोन खोलीत राहतील, बाकीचे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना देऊ आणि सोबती त्यांना तो वापरायला शिकवतील. देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढा, आपलं गुगल खातं त्यातून काढून टाका आणि मगच रीसेट मारा. खातं तसंच राहिलं तर तो फोन दुसऱ्याच्या हातात उघडत नाही. जमत नसेल तर तसाच आणा, आम्ही तुमच्यासमोर करून देऊ. चार्जर विसरू नका.

ज्यांना पैसे किंवा फोन देणं शक्य नाही, त्यांनी वेळ द्यावा. आठवड्याचे दोन तास पुरेत. निवृत्त शिक्षक, आशाताई, कॉलेजात जाणाऱ्या मुली यांनी जरूर नाव नोंदवावं. सुतारकाम येणाऱ्याने छताला दोन दिवस हात लावला तर मजुरी वाचेल.

हरतालिकेपासून गौरी विसर्जनापर्यंत वाचनालय सकाळी ९ ते १२ आणि संध्याकाळी ४ ते ७ उघडं असेल. क्यूआर कोड आणि खात्याचा तपशील फलकावर लावला आहे. मुंबई मंडळाच्या सभेतही वस्तू जमा करता येतील. १० ऑक्टोबरला खोली सुरू करायची आहे.

कोणाच्या जिवाला धोका दिसत असेल तर खोलीची वाट पाहू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका, ११२ लावा, दवाखान्यात न्या. आणि ज्याला नुसतं बोलायचं आहे, त्यानेही ऑक्टोबरपर्यंत थांबू नये. सोमवारी वाचनालय बंद असतं. त्या दिवशी सकाळी १० ते १ पुढचं दार आतून लावून ग्रंथपाल बाई बसलेल्या असतील. मागच्या दाराने या. फोन त्यांचा, हेडफोन त्यांचे. त्या अंगणात जाऊन बसतील.

आपले,
कार्यकारी मंडळ, सार्वजनिक वाचनालय