आधी वायू काढा, मग कोळसा: कोळसामंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय कोळसामंत्री,
शास्त्री भवन, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

२०३० पर्यंत भूमिगत खाणींतून वर्षाला १० कोटी टन कोळसा काढायचे आपल्या मंत्रालयाचे उद्दिष्ट आहे. थर जितका खोल, तितका साधारणपणे मिथेन हा ज्वलनशील वायू जास्त. विदर्भातल्या खाणींना त्याची झळ कमी. झारखंडमधल्या झरियाच्या खोल थरांना पुरेपूर. ६ सप्टेंबर २००६ रोजी तिथल्या भाटडीह खाणीत स्फोट होऊन ५० कामगार दगावले.

मागणी एकच आहे. टनामागे १० घनमीटरहून जास्त वायू सोडणाऱ्या, म्हणजे तिसऱ्या डिग्रीच्या खाणीत लाँगवॉल पॅनल (यंत्राने सलग लांब भिंत कापत कोळसा काढायचा पट्टा) मंजूर करताना वायू काढण्याचा आराखडा आणि खर्च प्रकल्प अहवालातच मागा. वायूमुळे फेस (कोळसा कापायची भिंत) थांबायला लागल्यावर वायू काढायचे बोअर मारायला घेणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

‘मोठा पंखा बसवू’ हे उत्तर हिशेबात टिकत नाही. रोज ३,००० टन देणारा फेस आणि टनामागे २० घनमीटर वायू धरा: दिवसाला ६०,००० घनमीटर. परतीच्या (फेसवरून बाहेर जाणाऱ्या) हवेत मिथेन ०.७५ टक्क्याच्या आत ठेवायला सेकंदाला सुमारे ९३ घनमीटर हवा लागते, आणि हीसुद्धा सरासरी. त्याच गॅलरीतून दुप्पट हवा ढकलायची तर जवळपास आठपट वीज जाते, धूळ उडते ती वेगळीच. निम्मा वायू पाइपातून बाहेर काढला तर ४६ घनमीटरमध्ये भागते.

त्यासाठी परतीच्या गॅलरीतून गोफच्या (कोळसा काढून झालेल्या जागेच्या) वर तिरके बोअर मारतात; कोळसा निघून छत बसले, की वरच्या सैल थरांतला वायू त्यांतून ओढता येतो. घोळ होतो तो बोअरच्या तोंडाशी. पहिल्या काही मीटरमधला स्टँडपाइप (तोंडात बसवलेली नळी) सिमेंटने नीट ग्राउट, म्हणजे भोवतीने भरून बंद, झाला नाही, तर भोवतालच्या भेगांतून हवा आत खेचली जाते आणि शुद्धता (निघणाऱ्या वायूतले मिथेनचे प्रमाण) घसरते. मिथेन ५ ते १५ टक्के असताना स्फोटक असतो, म्हणून ३० टक्क्यांच्या खाली गेलेल्या बोअरचा व्हॉल्व्ह आवळायला हवा. वायू खेचणाऱ्या पंपाची ओढ वाढवली की मीटरवरचा प्रवाह वाढलेला दिसतो. वाढलेली असते ती हवा. पाइप जिथे झोल खातो, तिथे पाणी साचते. तिथला वॉटर ट्रॅप वेळेवर रिकामा केला नाही, तर पुढचे सगळे बोअर मुके.

म्हणूनच वायूच्या निचऱ्याचे यश मेगावॉटमध्ये मोजू नये. झरियातल्या मुनीडीह खाणीत २००८ साली मिथेनवर वीज करून दाखवली, ते उत्तमच झाले. पण जनरेटर भुकेला असला की ओढ वाढवायचा मोह होतो. व्हॉल्व्हवरचा शेवटचा शब्द वायुवीजन अधिकाऱ्याचाच असावा. ठेकेदाराचे बिल एकूण घनमीटरवर नको, शुद्ध मिथेनवर काढा. आणि तेही प्रत्येक बोअरची शुद्धता, प्रवाह व ओढ शिफ्टवार नोंदलेली असेल तरच.

सुरक्षेचे नियम श्रम मंत्रालयाखालच्या डीजीएमएसकडे (खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे), पैशाची मंजुरी आपल्या बाजूला. अहवालाच्या नमुन्यात निचऱ्याचा रकाना आला, तरच ड्रिलिंग रिगची मागणी वेळेत निघेल. झरियाच्या घट्ट कोळशातून आगाऊ वायू काढायला फेस सुरू होण्याआधी महिनेच काय, वर्षेही लागू शकतात.

आपले,
भूमिगत खाणींच्या वायुवीजनाचे काम करणारे काही अभियंते
नागपूर