बारव साफ करा, पण हंसराज राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा लागला की आपल्या दैनिकात बारवांच्या, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींच्या, साफसफाईची छायाचित्रं येऊ लागतात. गावोगावची पोरं पदरमोड करून गाळ उपसतात, काटेरी झुडपं तोडतात. सेलू तालुक्यातल्या वालूरच्या चक्राकार बारवेचं रूप असंच पालटलं. या कामाचं कौतुक करावं तेवढं थोडंच. तक्रार आहे ती तणनाशकाबद्दल. आमच्या भागातल्या एका बारवेत गाळ काढून झाल्यावर भिंतींवर फवारणीचा पंप फिरवला गेला. पिंपळाची पानं गळाली, मूळ मात्र चिऱ्यांत तसंच आहे. पावसाळ्यात ते पुन्हा फुटणार. सांदीतला हंसराज नावाचा नेचा (फर्न) तेवढा जळून गेला.

पिंपळ काढलाच पाहिजे, याबद्दल वाद नाही. पाखरांच्या विष्ठेतून बी सांध्यात पडतं, मूळ जाड होत जातं आणि चिरा जागचा हलतो. वड-उंबराचंही तेच. हंसराजाची गोष्ट वेगळी. तो नेचेवर्गातला, त्याला फूल नाही, बी नाही. मुळं बारीक, वरवरची. काळ्या तारेसारखा चकाकणारा देठ आणि कडेला उलटं दुमडलेलं पान. ती दुमड भिंगाखाली धरा, आत बीजाणूंची तपकिरी भुकटी दिसेल.

हा बीजाणू वाऱ्यावर कुठेही जातो, पण त्यातून थेट हंसराज उगवत नाही. आधी येतो पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा, नखापेक्षाही लहान हिरवा पापुद्रा. नर आणि मादी पेशी त्याच्या खालच्या अंगाला तयार होतात आणि नरपेशीला मादीपेशीपर्यंत अक्षरशः पोहत जावं लागतं. पाण्याचा पातळ थर नसेल तर पुढची पिढी नाही. पिंपळाला ही अडचण नाही. त्याचे परागकण एक चिमुकली गांधीलमाशी फळात पोचवते. म्हणून तो कोरड्या गच्चीवरही उगवतो, आणि हंसराज आपल्या मराठवाड्यात बारवेच्या खालच्या, सदा ओल्या सावलीत तग धरून राहतो. बारवेचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. नेच्यांचा वंश ३५ कोटी वर्षांहून जुना, म्हणजे ज्या दगडाला तो बिलगलाय त्याच्याही कितीतरी आधीचा.

आणि आपली मुलं काय करतात? आयकलरचं १८८३ सालचं वनस्पतींचं वर्गीकरण, अपुष्प, सपुष्प, टेरिडोफायटा (म्हणजे नेच्यांचा गट) अशी घोकंपट्टी. श्रावणात त्यांना एकदा भिंग देऊन बारवेवर न्या. (कठडा नसतो, तेव्हा सोबत दोन मोठी माणसं हवीत.)

पायऱ्यांवरचं शेवाळ जरूर खरवडा, लोक घसरून पडतात. पिंपळाची कोवळी रोपं पावसाळ्यात, सांधे ओले असताना, हाताने मुळासकट काढा. जाड मुळांना हात लावण्याआधी जुन्या बांधकामाच्या जाणकारांना विचारा. वरच्या कोरड्या सांध्यांत पंख्यासारखी मयूरशिखा असते. उन्हाळ्यात ती आकसून मेल्यासारखी दिसते आणि कचरा म्हणून उपटली जाते, पण पाऊस पडताच पुन्हा उलगडते. तिलाही राहू द्या. तणनाशक तर नकोच. तेच पाणी गुरं पितात, आणि टंचाईत माणसंही.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
जि. परभणी