गॅलेगरच्या पितळी नळ्या आणि काकांचा लेथ

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषय उडवता. म्हणून माझ्या बंदुकीच्या पितळी नळ्या लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या यंत्रावर, नेमक्या कापून दिल्याबद्दल हे पत्र चारचौघांसमोर. बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगतो, तुम्हाला ते ऐकून ऐकून पाठ झालंय.

गॅलेगर कार्बाइन ही अमेरिकन यादवी युद्धातली घोडदळाची बंदूक. पेटंट १८६० चं. घेणारा माहलॉन गॅलेगर दक्षिणेतल्या जॉर्जियाचा, आणि बंदुका बनल्या फिलाडेल्फियात, रिचर्डसन अँड ओव्हरमनकडे, उत्तरेच्या फौजेसाठी! सतरा हजारांवर घेतल्या गेल्या आणि शिपायांनी त्यांना भरपूर शिव्या घातल्या. तरफ खाली ओढली की बॅरल पुढे सरकून कलते. काडतूस अर्धं बॅरलमध्ये, अर्धं ब्रीचमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या भागात. बार झाला की ते फुगून अडकायचं आणि बाहेर ओढणारं काही बंदुकीत नाहीच. उचकटायला वेगळं हत्यार जवळ बाळगायचं. ही कल्पना कुणाला चांगली वाटली असेल, देव जाणे.

माझी बंदूक जर्मनीतल्या दाखाऊच्या एर्मा कंपनीने बनवलेली नक्कल, पॉइंट चोपन्न बोअरची. हिला काडतूस म्हणून पितळी नळी लागते. नळीत काळी दारू, तोंडाला शिशाची गोळी, बुडाला बारीक भोक. बाहेरची ठिणगी पाडणारी टोपी फुटली की त्या भोकातून ठिणगी आत जाते. मिळालेल्या नळ्या लांब होत्या, तरफ बसतच नव्हती. फार आखूड केल्या तर पुढे मोकळी जागा राहते, तिथे काजळीचा थर साचतो आणि पुढची नळी आत जाईना होते. म्हणजे लांबी नेमकी हवी.

मी कुठूनतरी उतरवून घेतलेला लांबीचा आकडा तुम्हाला दाखवला. तुम्ही चष्मा वर करून विचारलंत, "हा कुणाच्या बंदुकीचा?" माझ्या मते सगळी मदत त्या प्रश्नातच झाली. पिंपरीच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस कागदावरच्या मापाला हात लावण्याआधी जॉब, म्हणजे प्रत्यक्ष वस्तू, मागतो. बंदूक बघितलीत, तीही आधी रिकामी आहे हे मला दोनदा दाखवायला लावून. मग नळीच्या तोंडाला काळा मार्कर फासून ती हलक्या हाताने बसवलीत आणि तरफ कुठे अडते, रंग कुठे खरवडला जातो ते पाहिलंत. "पाच-पाच थाऊ काढू. काढलेलं परत लावता येत नाही." (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.)

पातळ नळी लेथच्या चकमध्ये, म्हणजे जॉब धरून फिरवणाऱ्या पकडीत, सरळ धरली असती तर पकडीच्या जबड्यांनी तिचा आकार बिघडवला असता. तुम्ही आधी आत घट्ट बसणारी ॲल्युमिनियमची गुल्ली टर्न केलीत, मग त्यावर नळी चढवली. टूलचा वरचा उतार घासून सपाट केलात, कारण धारदार उताराचं टूल पितळ आत ओढून घेतं आणि पातळ जॉब तिथेच फाटतो. कापायचं फक्त तोंडाकडून, बुडाच्या भोकाला हात नाही. एक नळी बंदुकीत बिनबोभाट बसली तेव्हा तिच्यावरून स्टॉपर लावलात आणि बाकीच्या एकामागून एक निघाल्या. नंतर मापाचा व्हर्नियर लावून पाहिला, पानं न हलवता सगळ्या त्यातून गेल्या.

बर, म्हणजे कापल्यावर कडेला राहिलेली धारदार कूस, काढायला मात्र तुम्ही कापण्यापेक्षा जास्त वेळ घेतलात. मला तेव्हा कंटाळा आला होता, खोटं कशाला बोलू. पण आतला बर शिसं सोलतो, आणि बाहेरचा राहिला तर ज्या बंदुकीत काडतूस मुळातच अडकतं तिला आणखी एक निमित्त मिळतं.

व्हर्जिनियात विंचेस्टरजवळ फोर्ट शेनान्डोआ इथे नॉर्थ-साउथ स्कर्मिश असोसिएशन या यादवी युद्धातल्या बंदुकांनी नेमबाजी करणाऱ्यांच्या संघटनेच्या स्पर्धा भरतात. दारू काळीच. संघ टांगलेली मातीची निशाणं फोडतो आणि कमी वेळात फोडणारा जिंकतो. तिथे अडकलेली नळी उचकटत बसणारा माणूस संघाला नकोसा होतो. यंदा माझ्या नळ्या बोटांनी निघाल्या. दोन निशाणं चुकली, पण तो दोष तुमच्या लेथचा नाही.

आता एक विनंती. शेजारच्या रांगेतल्या एकाकडेही एर्माचीच गॅलेगर आहे आणि त्याला माझ्या नळ्यांचं माप हवंय. मी दिलं नाही. बंदूक घेऊन ये म्हटलं. पुढच्या शनिवारी आणतोय त्याला. गुल्ली माझ्याकडेच आहे, तीही आणतो. काकूंना सांगा, चहा तीन कप.

तुमचा,
गल्लीच्या टोकाचा शेजारी