शिपायाची चाल

नाशिक,
२८ सप्टेंबर, रात्री साडेअकरा

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझे अण्णा गेले तेव्हा मी आलो नाही. फोनवर चार वाक्ये बोललो आणि त्यानंतर सव्वा वर्ष तुला एक ओळही लिहिली नाही. त्याबद्दल जे सांगायचे आहे ते या पत्रात सांगणार आहे, पण आधी आज संध्याकाळी तालमीत जे घडले ते ऐक, कारण ते तुझ्याशिवाय कोणाला सांगून उपयोग नाही. माझी प्रकृती ठीक आहे. साखर आटोक्यात आहे, गुडघा आहे तसाच आहे. मंदा बरी आहे.

यंदा राज्य नाट्य स्पर्धेला आम्ही दिमित्री त्साफेंदासवरचे नाटक करतो आहोत. दोन अंकी आहे, मीच लिहिले आहे. संहिता मंजुरीसाठी परिनिरीक्षण मंडळाकडे गेली आहे आणि तालमींना तीन आठवडे झाले आहेत. तू म्हणशील, नाशकात बसून याला दक्षिण आफ्रिका कुठून सुचली. गोष्ट ऐकलीस म्हणजे असे म्हणणार नाहीस.

६ सप्टेंबर १९६६. केपटाउनच्या संसदेत दुपारी सव्वादोनच्या सुमारास घंटा वाजत होत्या, सभासद आपापल्या जागी येत होते आणि पंतप्रधान हेन्ड्रिक व्हरवूर्ड आपल्या बाकावर येऊन बसले होते. दोनच दिवसांनी त्यांना पासष्ट वर्षे पूर्ण होणार होती. गणवेश घातलेला एक शिपाई सभागृह ओलांडून त्यांच्या दिशेने निघाला. काही निरोप घेऊन आला असेल, असेच पाहणाऱ्यांना वाटले. तो त्यांच्यावर वाकला, कपड्यांतून सुरा काढला आणि मानेवर व छातीवर चार वार केले. भरलेल्या सभागृहात वर्णभेदाच्या राज्याचा मुख्य शिल्पकार आपल्या बाकावरच संपला. आपल्या तिसऱ्या घंटेलाच मी ती संसदेची घंटा केली आहे. पडदा उघडतो तोच घंटा वाजत असताना, आणि प्रेक्षकांना वाटत राहते की नाटक अजून सुरू व्हायचे आहे.

व्हरवूर्ड म्हणजे कोण, हे मुलांना समजावून सांगताना माझा एक पूर्ण दिवस गेला. माणूस मूळचा मानसशास्त्राचा प्राध्यापक, जन्माने ॲमस्टरडॅमचा. १९५० पासून ‘नेटिव्ह अफेअर्स’, म्हणजे काळ्या लोकांच्या कारभाराच्या खात्याचा मंत्री आणि १९५८ पासून पंतप्रधान. आफ्रिकी मुलांना गोऱ्यांच्या समाजात मजुरीपलीकडे जागा नाही, मग त्यांना तसले शिक्षण देऊन काय करायचे, असे भर संसदेत सांगून त्याप्रमाणे शाळा चालवणारा हा गृहस्थ. त्याच्या कारकिर्दीत १९६० च्या मार्चमध्ये शार्पव्हिलला पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मेली. पुढच्याच महिन्यात जोहान्सबर्गच्या प्रदर्शनात डेव्हिड प्रॅट नावाच्या एका गोऱ्या शेतकऱ्याने त्याच्यावर दोन गोळ्या झाडल्या, त्यातून तो वाचला. प्रॅटलाही वेडा ठरवण्यात आले, हे लक्षात ठेव. दोन हल्लेखोर, दोन्ही गोरे म्हणून नोंदलेले, आणि दोघेही वेडे.

त्साफेंदास मोझांबिकमधल्या लॉरेन्सो मार्किसचा, म्हणजे आजच्या मापुतोचा. बाप ग्रीक, आई मिश्रवर्णीय. सरकारी कागदावर तो गोरा होता, शाळेत मात्र पोरे त्याला काळ्या म्हणून हाक मारत. तारुण्य जहाजांवर आणि देशोदेशींच्या तुरुंगांत व इस्पितळांत गेले. तरुणपणी तो कम्युनिस्ट पक्षात होता. एका मिश्रवर्णीय बाईशी लग्न करता यावे म्हणून त्याने आपल्याला गोऱ्यांच्या यादीतून काढून मिश्रवर्णीयांत घाला असा अर्ज केला होता. अशा माणसाला संसदेत शिपायाची जागा मिळाली, जी केवळ गोऱ्यांसाठी राखीव होती! त्याला देशाबाहेर घालवण्याचा आदेशही निघालेला होता, तो बजावलाच गेला नाही. हे सगळे माझ्या नाटकात पहिल्या अंकात येते आणि भराभर येते, कारण माझे घोडे अडले आहे ते दुसऱ्या अंकात, खटल्याच्या प्रवेशात.

ऑक्टोबरमध्ये न्यायमूर्ती बेयर्स यांच्यापुढे त्याला उभे केले. डॉक्टरांनी सांगितले की, आपल्या पोटात एक प्रचंड जंत आहे आणि तो आपल्यावर सत्ता चालवतो, असा याचा समज आहे. न्यायमूर्ती म्हणाले की कुत्र्यावर किंवा निर्जीव अवजारावर जसा खटला चालवता येत नाही, तसाच तो या माणसावरही चालवता येत नाही. झाले, खटला संपला. पण पोलिसांना दिलेल्या जबान्यांत या माणसाने साफ सांगितले होते की या वर्णद्वेषी धोरणाचा आपल्याला तिटकारा आला होता, पंतप्रधान नाहीसा झाला तर धोरण बदलेल असे आपल्याला वाटत होते आणि परिणामांची आपण पर्वा केली नाही. त्या जबान्या न्यायालयात वाचल्याच गेल्या नाहीत. हॅरिस दूसेमेत्झिस या अभ्यासकाने वर्षानुवर्षे कागद उकरून २०१८ साली तिथल्या न्यायमंत्र्यांना अहवाल दिला की माणूस शहाणा होता आणि खून राजकीय होता. सरकारला वेडेपणा सोयीचा होता, दत्ता. शहाण्या माणसाने मारले म्हटले की, का मारले, हे विचारावे लागते.

लंडनच्या अल्मेडा थिएटरमध्ये २००३ साली अँटनी शेर या नटाने याच विषयावर स्वतः लिहिलेले नाटक केले आणि त्साफेंदासची भूमिकाही स्वतःच केली. घटना घडली तेव्हा शेर स्वतः केपटाउनमध्ये राहणारा सतरा वर्षांचा मुलगा होता. त्याने तो जंत रंगमंचावर एक पात्र म्हणून आणला. संहिता वाचली तेव्हा मी भारावून गेलो, आणि माझ्या पहिल्या मसुद्यातही जंत होता. दोन नट, एक लांब फीत, तबल्याचे बोल. दिसायला फार देखणे. मग एका रात्री तुझा आवाज कानात आला. परशुराम साईखेडकर नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर बसून तू मला सुनावले होतेस की रंगमंचावर वेडा आणला की लेखक सुटतो आणि प्रेक्षकही सुटतात. त्या वेळी मी दोन तास तुझ्याशी भांडलो होतो. आपला चहा निवला, शेवटची बस गेली आणि तू पंचवटीपर्यंत पायी माझ्या शेजारून एक शब्द न बोलता चाललास, पण निम्म्या वाटेत माझी पिशवी मात्र तूच घेतलीस. तू बरोबर होतास. जंत मी काढून टाकला.

पण तो काढला आणि दुसरीच अडचण उभी राहिली. आता त्याला शहाणा म्हटले तर मी खुनाला टाळ्या मिळवून देतो की काय, ही काळजी मला झोपू देत नाही. गांधीहत्येवरच्या नाटकावरून आपल्याकडे काय रणकंदन झाले ते आपण दोघांनी पाहिले आहे आणि त्या वादात तू कोणत्या बाजूला होतास, मी कोणत्या, तेही मला आठवते. मंडेलांनी आत्मचरित्रात स्पष्ट लिहिले आहे की राजकीय हत्येला आपला किंवा आपल्या संघटनेचा कधीच पाठिंबा नव्हता. ते लिहिणारा माणूस हत्या झाली त्या वेळी त्याच व्हरवूर्डच्या तुरुंगात रॉबेन बेटावर दगड फोडत होता. दुसरीकडे आमच्या मंडळातली मुले मला विचारतात, सर, हा म्हणजे कान्हेऱ्यांसारखा का? आपल्या गावात हा प्रश्न टाळता येत नाही. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरमध्ये ‘शारदा’ नाटक पाहायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या गावात आपण नाटके करतो. कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना ठाण्याला फाशी झाली, पण का मारले, हे त्यांना निदान विचारले तरी गेले. आज त्यांच्या नावाचे मैदान आहे आणि त्यावर पोरे क्रिकेट खेळतात. त्साफेंदासला कोणी काही विचारलेच नाही. शिक्षा न सुनावता तेहतीस वर्षे कोंडून ठेवला. त्यातली कितीतरी वर्षे प्रिटोरियाच्या तुरुंगात फाशीघराला लागून असलेल्या कोठडीत गेली, जिथे एका वेळी सात जणांना लटकवण्याची सोय होती. १९९४ साली राज्य बदलले, तेव्हा त्याला तुरुंगातून वेड्यांच्या इस्पितळात हलवले, एवढेच. ७ ऑक्टोबर १९९९ ला तो तिथेच वारला. थडग्यावर नावही नाही.

आता आजची गोष्ट.

त्साफेंदास करणारा ओंकार दिवसभर मोटारसायकलवरून सातपूर-सिडकोत पार्सले पोहोचवतो आणि संध्याकाळी तालमीला येतो. आम्ही हत्येचा प्रवेश बसवत होतो. तो आत येत होता आणि आल्या आल्या सगळ्या हॉलचे लक्ष त्याच्याकडे जात होते, कारण तो खुनी चालतो तसा चालत होता. खांदे ताठ, नजर व्हरवूर्डवर रोखलेली. मी चार वेळा थांबवले. शेवटी तो म्हणाला, “सर, हा वेडा आहे की शहाणा, ते मला आधी सांगा, म्हणजे चालता येईल.” मला उत्तर देता आले नाही. मी म्हणालो, ते राहू दे, तो शिपाई आहे एवढेच धर. त्यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, “सर, मी पार्सल द्यायला गेलो की माझ्या तोंडाकडे कोणी बघत नाही. हाताकडे बघतात.”

मग त्याने एक फाइल घेतली, छातीशी धरली आणि दारातून पुन्हा आत आला. किंचित वाकून, भिंतीच्या कडेकडेने, घाईने पण पायाचा आवाज न करता, कोणाच्याही आणि साहेबाच्या मध्ये न येता. हॉलमध्ये अकरा माणसे होती, आणि एकाचेही लक्ष गेले नाही. प्रॉम्प्टर पान उलटत होती, सुहास मोबाइल पाहत होता. ओंकार व्हरवूर्डपाशी पोहोचून वाकला, तेव्हा कुठे तो दिसला, आणि माझ्या अंगावर काटा आला. दत्ता, ती अण्णांची चाल होती. कलेक्टर कचेरीतल्या शिपायाची, त्या व्हरांड्यातली, जशीच्या तशी.

तेव्हा कळले की मी महिनाभर चुकीच्या प्रश्नाशी झुंजत होतो. तो वेडा की शहाणा, हे ठरवायला न्यायमूर्ती होते. नाटकाला सांगायचे आहे ते हे की त्या सभागृहात शेकडो माणसे असताना तो माणूस चालत गेला आणि कोणी त्याला पाहिले नाही. न्यायमूर्तींनी त्याला अवजार म्हटले ते नंतर, आधी तो गणवेश घालून रोज त्यांच्यापुढे अवजार म्हणूनच वावरत होता. ज्या राज्याने माणसाच्या कातडीचा रंग पाहण्यासाठी १९५० साली कायदा करून प्रत्येकाची नोंद केली, त्या राज्याला आपल्याच घरातला शिपाई दिसला नाही. खून बरोबर होता असे मी म्हणत नाही आणि नाटकही म्हणणार नाही. पण खुनाआधीची ती पंचवीस पावले आता मला दाखवता येतील.

आणि मग घरी येताना मला आपली ती एकांकिका आठवली. माझा पांडू शिपाई. दर दोन मिनिटांनी “साहेब, पाणी” म्हणत येणारा आणि दर वेळी हशा घेणारा. तू साहेब होतास. अण्णा तिसऱ्या रांगेत बसले होते, कचेरीतून थेट आले होते, पट्टा पिशवीत घालून. सगळ्यांबरोबर तेही हसले. प्रयोगानंतर रंगपटात तू तो पाण्याचा पेला भिंतीवर फेकलास आणि चार महिने माझ्याशी बोलला नाहीस. मी सगळ्यांना सांगत फिरलो की दत्ताला विनोद कळत नाही. मला बक्षीस मिळाले होते, लेखनाचे. ते प्रशस्तिपत्र अजून कपाटात आहे. त्याबद्दल मी तुझी कधी माफी मागितली नाही, अण्णांची तर नाहीच. आज दोघांची मागतो. अण्णांच्या दहाव्याला आलो नाही, ते याच कारणाने. वहिनींच्या समोर बसून अण्णा किती साधे होते, अशी चार वाक्ये बोलण्याचे धैर्य मला झाले नाही.

ते अंथरुणाला खिळण्याआधीच्या दिवाळीत मी येवल्याला आलो होतो, आठवते? अण्णांनी स्वतः पाणी आणले. तबकात पेला, आणि मी पिईपर्यंत ते बाजूला उभे राहिले. आपण दोघे पैठणीच्या भावावरून वाद घालत होतो. मी पेला उचलला, प्यालो, परत ठेवला. त्यांच्याकडे पाहिले नाही.

तुझी खबर तर विचारलीच नाही. सुनीताचे बाळंतपण नीट झाले ना? मुलगा की मुलगी, ते मंदाने दोनदा विचारले. विहिरीला पाणी किती आहे? कांदा चाळीत आहे की विकलास? वहिनींना नमस्कार सांग.

स्पर्धेची तारीख आली की कळवतो. पण प्रयोगाला येऊ नकोस, त्याआधी तालमीला ये. दोन दिवस राहा. ओंकारला तुझ्यासमोर एकदा चालायचे आहे, आणि त्याचे चुकत असेल तर ते तुलाच सांगता येईल.

तुझा,
विश्वास

ता. क. ओंकारने फाइल डाव्या हातात धरली, उजवा मोकळा राहावा म्हणून. तालीम संपल्यावर त्याने मला विचारले, “सर, तुम्ही म्हणता ते अण्णा कोणत्या हातात धरायचे?” तीस वर्षे मी त्यांना पाहिले आणि मला सांगता आले नाही. तेवढे पत्र मिळताच कळव.