सशाऐवजी पिशवी

सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया

ती. अण्णा यांना,
सा. न. वि. वि.

इथे कुत्री पळवायचा खेळ असतो, लुअर कोर्सिंग म्हणतात, तिथं मी मदतीला जाते, हे ऐकून परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "ससाच नाही तर कुत्री पळत्यात कशाच्या मागं?" मी सांगायला लागले आणि तिकडं लाइट गेली. नंतर काकूंनी फोन घेतला, तो पापडांवरच संपला. म्हणून हे पत्र. चष्मा लावून वाचा, सुनीलकडून वाचून घेऊ नका, तो मधलं गाळतो.

कुत्री पळतात प्लॅस्टिकच्या पिशवीमागे. इथे घरोघरी कचऱ्याच्या डब्यात घालतात ना, ती पांढरी पिशवी. तिच्या पट्ट्या फाडायच्या, दोरीला गाठ मारून बांधायच्या, झाला ससा. तुम्ही हसाल, पण ही सगळी नजरेवर शिकार करणारी कुत्री. आपला राजा कुत्रा ताटलीतली भाकरी टाकून उठायचा तो ओढ्यापलीकडं काही हललं म्हणून, वास आला म्हणून नव्हे. ग्रेहाउंड, सलुकी, व्हिपेट, अफगाण हाउंड सगळी त्याच पंथातली.

इथेही आधी खरेच ससे होते. जॅकरॅबिट म्हणतात त्याला. लांब कानांचा, आपल्या रानसशाचाच भाऊबंद. त्याच्यामागे कुत्री सोडायची. पण रानात काटेरी तारांची कुंपणं, आणि भरधाव कुत्र्याला सशापुढं तार दिसत नाही. तारेत सापडून कुत्री फाटायला लागली, तेव्हा 1970 नंतरच्या वर्षांत लाइल जिलेट नावाच्या गृहस्थांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी हा दोरीचा खेळ बसवला. 1972 मध्ये त्याची संघटनाही झाली. म्हणजे आपल्याकडं लोक दुष्काळी कामावर खडी फोडत होते, तेव्हा इकडं पिशवीचा ससा पळत होता. आपला वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच सालचा, योगायोग बघा.

मी कुत्रा पाळलेला नाही, भाड्याच्या घरात घरमालक ऐकत नाही. शेजारच्या बाईंची सलुकी आहे, त्यांच्याबरोबर जाते आणि पडेल ते काम करते. इथे मैदानावरचं जवळजवळ सगळं काम असंच फुकट चालतं. पंचांना थोडं मानधन आणि जाण्यायेण्याचा खर्च मिळतो, बाकीच्यांना दुपारचं जेवण. जे कुत्रा घेऊन येतात तेच आळीपाळीनं कोपऱ्यावर उभे राहतात, कागद लिहितात, दोरी ओढतात. काही शहाणे आपल्या कुत्र्याची धाव झाली की गाडीत बसून पसार होतात. त्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात, तोंडावर मात्र कुणी बोलत नाही. इथली माणसं भांडणाच्या बाबतीत फार सभ्य, मला अजून जमत नाही.

उजाडायच्या आत पोचावं लागतं, कारण इथला उन्हाळा आपल्याला हार जाणार नाही आणि ऊन चढायच्या आत धावा उरकायच्या असतात. पहिलं काम रान तुडवायचं. सगळे ओळीनं, हाताच्या अंतरावर, खाली बघत चालायचं. गोफर म्हणून घुशीसारखा प्राणी आहे, तो जमिनीत बिळं करतो. त्यात धावत्या कुत्र्याचा पाय गेला तर मोडतोच. माझ्याकडं मातीची बादली असते. बीळ दिसलं की माती टाकायची, टाचेनं दाबायची, वरून पुन्हा एकदा उभं राहून बघायचं. शिवाय कुसळं. इथली कुसळं आपल्यापेक्षा वाईट, पंजात शिरली की आतल्या आत पुढं सरकत जातात, कापून काढावी लागतात. म्हणून गवत आधीच कापून घेतात.

मग दोरी. मैदानभर जमिनीलगत कप्प्या ठोकायच्या, त्यांतून नायलॉनची दोरी फिरवायची. ससा सरळ पळत नाही, म्हणून दोरीलाही वळणं. सगळा फेरा साडेपाचशे मीटरच्या पुढंच, मोठ्या मैदानात आठ-नऊशेपर्यंत. एका टोकाला यंत्र. तुम्हाला यातच रस असणार म्हणून नीट सांगते: मोटारीचा स्टार्टर असतो ना, तसली मोटर, तिच्यावर चाक, आणि बारा व्होल्टची गाडीची बॅटरी. हातात एक बटण. दाबलं की दोरी पळते, सोडलं की थांबते. बास, एवढंच.

पण ते बटण कुणाच्याही हातात देत नाहीत. आमच्याकडं एक निवृत्त मेकॅनिक आजोबा आहेत, ते उंच शिडीवर बसतात, सगळं मैदान दिसावं म्हणून. पिशवी पुढच्या कुत्र्याच्या दहा ते तीस यार्ड पुढं ठेवायची. फार पुढं गेली तर कुत्र्याची नजर सुटते, फार जवळ आली तर वळणावरच पकडतो आणि दोरीत अडकतो. ती दोरी पळताना मांजासारखी कापते. ग्रेहाउंड तासाला साठ-पासष्ट किलोमीटरनं येतो, अफगाण जरा सावकाश, आणि प्रत्येक टोळीला आजोबांचा अंगठा वेगळा चालतो. वळणाआधी ते वेग किंचित सोडतात, कुत्री वळली की पुन्हा दाबतात. मी त्यांच्या शिडीखाली उभी राहून पाहिलंय: डोळे कुत्र्यांवर, पिशवीकडं बघतसुद्धा नाहीत.

माझं काम बहुतेक वेळा कोपऱ्यावरच्या कप्पीपाशी. दोरी कप्पीवरून निसटली की पुढची धाव सुरू व्हायच्या आत पळत जाऊन बसवायची, पिशवी फाटली असेल तर नवी बांधायची. धाव चालू असताना मात्र हलायचं नाही. माणूस हलला तर कुत्रा त्याच्याकडंच यायचा.

धावेआधी हजेरी. प्रत्येक कुत्र्याला दुडक्या चालीनं पुढं-मागं चालवून बघतात, लंगडतोय का. लंगडत असेल तर मालकानं कितीही लांबून गाडी हाकली असो, घरी. माजावर आलेल्या कुत्रीलाही परत पाठवतात. मग चिठ्ठ्या काढून तिघातिघांच्या टोळ्या, अंगात पिवळं, गुलाबी आणि निळं जाकीट, म्हणजे पंचाला लांबूनही कोण कुठला कळतो. हंटमास्टर, म्हणजे धाव सुरू करून देणारा, पंचांना विचारतो, यंत्रवाल्या आजोबांना विचारतो, कुत्री धरणाऱ्यांना विचारतो, सगळे तयार? पिशवी हलते. तो ओरडतो, "टॅलिहो!" आणि पट्टे सुटतात. आधी सोडलं तर दंड. तोपर्यंत कुत्री मागच्या दोन पायांवर उभी, किंकाळ्या मारत, धरणाऱ्याचे खांदे उखडतात.

आता गंमत ऐका. शेजारणीची सलुकी तुमच्या राजासारखीच, तीच लांबट मान, तेच ते कुणाची पर्वा नसल्यासारखं बघणं. आपल्याकडच्या कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्यांचे पूर्वज म्हणे या सलुकींसारख्याच कुत्र्यांबरोबर तांड्यांतून आले, तेव्हा साम्य असणारच. ही सलुकीबाई दुसऱ्या फेरीत पिशवीमागं गेलीच नाही. पिशवी कुठून वळणार हे तिनं पहिल्या फेरीत पाहून ठेवलं होतं. आडवी कापून सरळ कोपऱ्यावर, माझ्या कप्पीपाशी येऊन थांबली. तुम्ही असता तर खांद्यावर घेऊन नाचला असता. इथे गुण कापले! शंभरातले पंचवीस वेगाला, पंचवीस चपळाईला, वीस दमाला, पंधरा उत्साहाला आणि पंधरा पिशवीचा माग न सोडण्याला. त्या शेवटच्या पंधरांत सलुकीबाई बुडाली. कुत्र्यांना वाट पाठ होऊ नये म्हणून शेवटच्या फेरीला दोरी बहुतेक उलटी फिरवतात, तरी हुशार कुत्री फसत नाहीत. मला विचाराल तर अक्कल दाखवल्याबद्दल गुण कापणं हा अन्यायच आहे, पण पंचाशी वाद घालायचा नाही असा नियम आहे.

हे सगळं लिहायचं कारण वेगळं आहे. तुम्ही म्हणालात, गावात चांगली कारवानी अजून आहेत, पण शिकारीला बंदी, म्हणून दिवसभर साखळीला. देवळामागचं माळरान तसंच पडून आहे ना? स्टार्टर मोटर मिरजेत भंगारात मिळेल. कप्प्या सुनील लेथवर करून घेईल. बॅटरी ट्रॅक्टरची चालेल. दोरी मी दिवाळीला येताना आणते, ती मात्र इथलीच हवी. खडे आणि बिळं बघायला पोरं लागतील, आणि कोपऱ्यावर न हलता उभी राहणारी चार माणसं. ही चार मिळणं सगळ्यात अवघड, आपल्या गावात तर फारच. बटणावर तुम्ही बसा. ट्रॅक्टरचा गिअर तुमच्यासारखा कुणी सोडत नाही, आणि आता गुडघ्यांमुळं पळायचं काम तसंही तुमचं नाही. आधी एका कुत्र्यावर करून बघू, तिघं एकदम नको.

माळावर तारेचं कुंपण कुठं कुठं आहे ते सुनीलला मोजून कळवायला सांगा. काकूंना नमस्कार, पापड पोचले.

तुमची पुतणी,
वैशाली